सहाशे चौदा जागा

“ताई, यादी आज कुठेच थांबली नाही,” ग्रंथपाल फोनवर म्हणाले, आणि तिला वाटलं, कौतुक करताहेत. न थांबणं हा तिच्या वेबसाईटच्या धंद्यात गुणच. पान झरकन उघडलं, यादी सरसर सरकली, की लोक खूश. म्हणून हातातला कप ओट्यावर ठेवत ती “हो का, छान झालं” असं म्हणूनही बसली. मग ते म्हणाले, “नाही, म्हणजे, थांबायला हवी होती. नवा संगणक आल्यापासून आमचा बोलका सुसाट सुटलाय. सवडीने एकदा बघाल का त्याच्याकडे?” बोलका म्हणजे पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. ग्रंथपालांना दिसत नव्हतं, जन्मापासूनच, आणि गेली वीस वर्षं ते सगळं जग या बोलक्याच्या तोंडून वाचत आले होते. “थांबायची म्हणजे कुठे, सर?” तिने विचारलं. “गेलेल्या माणसांपाशी,” ते म्हणाले. “पुस्तकं वाचून देणाऱ्या आपल्या वाचकांपैकी जे गेले ना, त्यांच्या नावाआधी मी तीन टिंबं देतो. टिंब आलं की बोलका दम खातो. तीन टिंबं म्हणजे साधारण एवढं.” आणि एवढं म्हणजे केवढं, ते दाखवण्यासाठी ते फोनवर गप्प राहिले. त्या तेवढ्या वेळात तिला स्वयंपाकघरातल्या नळाचा एक थेंब पडलेला ऐकू आला, आणि समोरच्या जिन्यातून कुणीतरी दोन पायऱ्या उतरलं.

“बघते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. बघायचं काही नव्हतं. बोलका बिचारा जसा होता तसाच होता. टिंबं तिने काढली होती. दहा दिवसांपूर्वी, सकाळी सव्वादहाला, चहा गरम असताना.

ते ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या आणि एक कोंदट ध्वनिमुद्रणाची खोली. तिथे पुस्तकं वाचायला मिळत नसत, ऐकायला मिळत. गावभरची डोळस माणसं, कुणी निवृत्त, कुणी नोकरीतून वेळ काढून, एकेक पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून देत, आणि न दिसणारी माणसं ती घरी नेऊन ऐकत. तीन हजार एकशे अठरा पुस्तकं झाली होती. त्यांची यादी ग्रंथपालांनी स्वतःच्या बोटांनी एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवली होती: एका ओळीत एक पुस्तक, त्यात क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, वाचणाऱ्याचं नाव, किती तास. रंग नाही, चौकटी नाहीत, नुसत्या ओळी. तीही आयुष्यभर साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच काम करत आलेली. धंद्यातली बाकीची मंडळी वेबसाईट तयार ठोकळ्यांतून जोडायची. ती मात्र एकेक खूण हाताने लिहायची आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. त्यामुळे पहिल्या भेटीत ग्रंथपाल म्हणाले, “मलाही साधी फाईलच बरी वाटते, तिच्यात काही लपवता येत नाही,” तेव्हा तिला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. काम ठरलं ते असं की, या यादीची वेबसाईट करायची, म्हणजे कुणालाही घरबसल्या बोलक्याकडून यादी ऐकून पुस्तक निवडता येईल. ग्रंथपालांनी फाईल पेनड्राईव्हवर दिली. देताना म्हणाले, “एकच आहे हं. दोन याद्या ठेवल्या की त्या आपसात भांडतात.”

तिने फाईल उघडली. एडिटरात एक सोय असते, न दिसणाऱ्या गोष्टी दाखवण्याची. मग मोकळ्या जागा फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात, ओळींची टोकं दिसतात, कुणी उगाच दाबून ठेवलेली बटणं कळतात. तिची ही आवडती सोय होती. लोकांची फाईल अशी उघडली की तिला त्यांच्या घरात पलंगाखाली वाकून पाहिल्यासारखं वाटायचं. ग्रंथपालांच्या फाईलमध्ये पलंगाखाली बरंच काही होतं. कुठे दोन मोकळ्या जागा, कुठे चार, कुठे आडवी रेघ एकदा आणि कुठे दोनदा, आणि मधूनच कितीतरी ओळींत वाचकाच्या नावाआधी टिंब, मोकळी जागा, टिंब, मोकळी जागा, टिंब. तिने कपाळाला आठी घातली आणि मनात म्हटलं, दिसत नाही ना त्यांना, बोट रेंगाळलं असेल बटणावर. दया आली तिला. या दयेचा पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला. तिने शोधण्याच्या चौकटीत शब्द न घालता आकार घातला, म्हणजे ‘टिंबामागून टिंब जिथे जिथे येतं ते सगळं’, आणि त्याच्या जागी काहीच नाही असं भरलं. दोन बटणं होती. एक, प्रत्येक जागा दाखवून विचारत पुढे जाणारं. दुसरं, सगळे बदला. पी हळद नि हो गोरी. एडिटर खाली बारीक अक्षरांत म्हणाला, सहाशे चौदा जागी बदल झाला, आणि तिने समाधानाने चहाचा घोट घेतला.

मूळ फाईलची प्रत ठेवायची, मगच कामाला हात लावायचा, हे ती स्वतः दुसऱ्यांना शिकवायची. प्रत तिने ठेवली होतीच. पण केर काढून झाल्यावर ठेवली. केर काढणं हे काही काम नव्हे, असं तिच्या हाडीमासी खिळलेलं; आधी झाडायचं, मग बसायचं. म्हणून तिच्याकडची ‘मूळ’ नावाची फाईलही स्वच्छ होती, लख्ख. आणि चार दिवसांनी ग्रंथपालांना नवा संगणक बसवून देताना तिने त्यांच्या परवानगीने जुना पुसला, तीच स्वच्छ यादी त्याच पेनड्राईव्हवर त्याच नावाने घातली, आणि त्यांनी ती नव्यात उतरवून घेतली. दोन याद्या भांडायला नकोत म्हणून. आता जगात ती टिंबं कुठेही नव्हती. तिने उगाच एडिटर उघडला, फाईल उघडली, मागे जाण्याचं बटण दाबलं. फाईल एकदा बंद केली की मागचं सगळं मागेच राहतं, हे तिला ठाऊक होतं. तरी पाच-सहा वेळा दाबलं.

आणि मग तो विचार आला. आला म्हणजे काय, दाराबाहेर उभाच होता. ग्रंथपाल समजत होते, बोलक्याचं काहीतरी बिघडलंय. समजू देत. नवीन यंत्र, नवीन आवाज, त्याला टिंबं कळत नाहीत, कंपनीने बदललंय सर, काही उपाय नाही. एवढं म्हटलं की संपलं. ते विश्वास ठेवतील. त्यांना दाखवायला काही नव्हतं आणि त्यांना बघायलाही काही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती खुर्चीत बसून त्या झाकल्या मुठीकडे पाहत राहिली. या कामात तिचं नाव होतं ते नीटनेटकेपणासाठीच. कुणाचीही कसलीही विस्कटलेली फाईल द्यावी आणि तिने ती घडी घालून परत करावी. धाकटी बहीण चिडवायची, “हिला सूर्य दिला तर पुसून ठेवील.” धाकटी तेव्हा हसत होती. पुढे एका दुपारी हसली नाही.

त्या दुपारी आई जाऊन दुसराच दिवस होता. धाकटी लांबच्या गावी, तिला यायला चार वाजणार होते. तोवर हिने काय करावं, हातावर हात ठेवून बसणं हिला येत नव्हतं. हिने आईचं कपाट उपसलं. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, रबरबँडचा गोळा, कधीचीच पाकिटं, सगळं टाकलं. कपडे धुतले, पिळले, वाळत घातले. उशीच्या अभ्र्याखाली आईचा रुमाल सापडला, त्याच्या एका टोकाला ओळीने तीन गाठी. आई असंच करायची. लक्षात ठेवायच्या गोष्टीला एक गाठ. काम झालं की सोडायची. कागदावर लिहून ठेव म्हटलं तर म्हणायची, “कागद मला वाचावा लागतो गं, गाठ हाताला लागते.” गाठी घट्ट बसल्या होत्या. हिने दातांनी सोडवल्या. रुमाल धुतला, वाळला, त्यावर इस्त्री फिरवताना टोक सपाट झालं आणि मग हिच्या मनात आलं, तीन कसल्या होत्या? एक गोळ्यांची असेल. एक धाकटीला फोन करायची. तिसरी? चार वाजता धाकटी आली, चप्पल न काढता आत गेली, कपाट उघडलं आणि त्यात तोंड घालून उभी राहिली. मग वळून इतकंच म्हणाली, “वाससुद्धा ठेवला नाहीस तू.” ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला आता आठ वर्षं झाली. दोघी बोलतात, येतात-जातात, तिच्या मुलीला सुट्टीत ही पोहायला घेऊन जाते. पण धाकटी आपल्या घरातल्या कुठल्याच कपाटाला हिला हात लावू देत नाही, हसत हसत, “राहू दे गं, माझं मी बघते,” म्हणते, आणि हिला ते दर वेळी लागतं. तिसरी गाठ कसली होती हे हिने कधीच कुणाला विचारलं नाही. गाठी होत्या, हेच कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने उशिराने का होईना कप विसळला, पालथा घातला आणि चप्पल घालून बाहेर पडली. ग्रंथालय चालत वीस मिनिटांवर. फोनवर सांगता आलं असतं, पण तो जो फोनवरचा गप्पपणा त्यांनी दाखवला होता, तो तिला परत ऐकायचा नव्हता. वाटेत चष्म्याच्या दुकानाशी ती थांबली, परत फिरावं असं मनात आलं, काचेतल्या पन्नास चष्म्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला वाटलं की दुकानदारालाही सगळं कळलंय. ती पुढे निघाली.

ग्रंथपाल खिडकीशी बसले होते. पासष्टीचे, सडपातळ, बाह्यांची बटणं लावलेली. बोलका यादी वाचत होता, इतक्या वेगाने की तिला नुसती भिरभिर ऐकू येत होती. त्यांना मात्र प्रत्येक अक्षर कळत होतं. तिच्या पावलांनी त्यांनी तिला ओळखलं आणि बोलक्याला गप्प केलं. “लगेच आलात? अहो सवडीने म्हटलं होतं मी.” ती बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, “सर, बोलक्याचा दोष नाही. टिंबं मी काढली. मला ती कचरा वाटली. एका बटणात सगळी काढली आणि जुनी फाईल कुठेच उरली नाही.” हे बोलताना आपला आवाज आपण पुस्तकातून वाचतोय असा लागतोय, असं तिला वाटलं. ते ऐकत राहिले. हात टेबलावर होते, ते त्यांनी हळूच मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक वर आली आणि विरली. “सगळी?” त्यांनी विचारलं. “सगळी.” “बसा,” ते म्हणाले. ती बसली.

“तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत,” ते म्हणाले. “मी त्या बोलक्याला सकाळपासून शिव्या घालतोय.” ते थोडं हसले, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. “आपण परत घालू, सर. तुम्ही नावं सांगा, मी घालते,” ती घाईने म्हणाली, आणि आपल्याला पुन्हा घाई झालीय हे तिच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “बहुतेक सांगेन. सगळी नाही सांगता यायची. तुम्हाला गंमत सांगतो. एखादं गेल्याचं कळलं की मी पहिलं इथे येऊन टिंबं द्यायचो. एकदा ती दिली की मन मोकळं. यादीत ठेवलं म्हणूनच तर डोक्यातून काढलं ना.” हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला तोंड कुठे लपवावं ते कळेना. मग तिला आठवलं, इथे तोंड लपवायची गरज नाही, आणि त्याने तर जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दहाला तिथे जाऊ लागली. तीन हजार ओळींतून तिने वाचकांची नावं तेवढी वेगळी काढली, एकसारखी एकत्र केली. दोनशे तीन माणसं निघाली. बोलका एकेक नाव म्हणायचा आणि ग्रंथपाल म्हणायचे, “आहेत.” किंवा, “गेले.” आणि गेले म्हटलं की नुसतं तेवढ्यावर थांबता येत नसे त्यांना. ते माणसांना नावांनी ओळखतच नव्हते मुळी. हे खाकरणारे काका, प्रत्येक प्रकरणाआधी खाकरायचे, ते काढून टाकायला लावलं तर रुसले. हे पोस्टमास्तर, यांना विनोदी पुस्तक द्यायची सोय नव्हती, स्वतःच आधी हसायचे आणि टेप वाया जायची. ही घोटभर पाणी, कधीही ऐका, दर दहा मिनिटांनी भांड्याचा आवाज. ही गोड गळ्याची मुलगी, वाचता वाचता लग्न ठरलं, शेवटची तीन प्रकरणं इतकी आनंदात वाचलीत की पुस्तकातला नायक मरतो तेही आनंदात. ती ऐकत होती, टिंबं देत होती. प्रत्येक ओळीत, हाताने, टिंब, मोकळी जागा, टिंब, मोकळी जागा, टिंब. एका आकाराने सगळी एकदम घालता आली असती, पण तिने या बाबतीत कानाला खडा लावला होता. एडिटर प्रत्येक ओळीवर तिला विचारायचा, बदलू का, आणि ती प्रत्येक वेळी हो म्हणायची. असं सावकाश काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की वेबसाईटच्या पानांतही ही टिंबं अशीच ठेवायची. डोळसांना ती दिसतील आणि छपाईची चूक वाटेल. वाटू दे. ज्यांच्यासाठी पान आहे त्यांना ऐकू येईल. तिने ग्रंथपालांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, “लोकांना कळणार नाही थांबा का आहे ते.” “विचारतील,” ती म्हणाली, “मग तुम्ही सांगाल.” त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः करून आणला, दोन्ही कपांत बोटाने अंदाज घेत अगदी काठोकाठ.

चोपन्न माणसं त्यांनी खात्रीने सांगितली. उरली सात, ज्यांच्याबद्दल ते घुटमळले. सहा वर्षांपूर्वी एका वर्षात तीन-चार बातम्या एकदम आल्या होत्या. कुणाच्या, ते टिंबांना माहीत होतं, त्यांना आता माहीत नव्हतं. “माणूस आहे की नाही हे मला आठवू नये,” असं एकदा म्हणाले, तिला नव्हे, खिडकीला. तिच्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती, एक आकडा. सहाशे चौदा. एडिटर बोलला होता आणि चहाच्या घोटाबरोबर तो तिच्या डोक्यात राहिला होता. गेलेल्यांच्या प्रत्येक पुस्तकाला टिंबं होती, म्हणजे गेलेल्यांची सगळी पुस्तकं मिळून सहाशे चौदा व्हायला हवीत. चोपन्न जणांची तिने मोजली: पाचशे सत्तर. चव्वेचाळीस कमी. त्या सात जणांतल्या कुणाची तरी चव्वेचाळीस. “मग विचारू की सातही घरी,” ग्रंथपाल म्हणाले. “फोन करा.”

फोन करणं तिला कधीच जमलं नव्हतं. ती लिहून कळवणाऱ्यांतली. आणि हा फोन करायचा तरी कसा? नमस्कार, तुमच्याकडचे अमुक अमुक हयात आहेत का? ग्रंथपाल म्हणाले, “नुसतं म्हणा, ग्रंथालयातून बोलतेय, आहेत का घरी. लोक आपणहून सांगतात.” तसंच झालं. पहिल्या घरी “आहेत की, बाहेर फिरायला गेलेत” म्हणाले आणि तिचा जीव भांड्यात पडला. दुसरे स्वतःच बोलले, ओरडून, कान गेले होते. तिसऱ्या घरी सुनेने जरा थांबून सांगितलं, सासरे गेले, सहा वर्षं झाली, आणि मग दहा मिनिटं ती सासऱ्यांबद्दलच बोलत होती. ते रेकॉर्डिंग करायचे तेव्हा घरात कुकरची शिट्टी होऊ द्यायचे नाहीत, आम्ही अर्धंकच्चं जेवलोय त्यांच्या पुस्तकांपायी, असं सांगून हसली, मग रडली. हिला वाटलं होतं, फोनवर कुणी रडलं तर आपण काय करणार. काही करावं लागलं नाही, ऐकावं लागलं. सहा फोन झाले तेव्हा चार जण होते, दोघं नव्हते. नसलेल्यांची पुस्तकं एकाची नऊ, एकाची आठ. पाचशे सत्याऐंशी. शेवटचं नाव उरलं त्याच्यापुढे पुस्तकं होती सत्तावीस.

पाचशे सत्याऐंशी नि सत्तावीस, सहाशे चौदा. बेरीज जुळली की तिला नेहमी हायसं वाटायचं, आज वाटलं नाही. ग्रंथपालांनी मान खाली घातली. “पान उलटणाऱ्या बाई,” ते म्हणाले. “शाळेत शिवण शिकवायच्या. पान उलटलं की कागदाचा आवाज यायचा, आणि मी म्हटलं होतं, तो काढायचा नाही. मला तेवढंच पुस्तक हातात असल्यासारखं वाटतं. मग त्याच असणार, हो. कुणीतरी मला म्हणालं होतं, त्या घरातल्या बाई गेल्या म्हणून. पत्र लिहायचं राहून गेलं माझ्याकडून.” ती बरं म्हणाली, कर्सर त्या नावाआधी नेऊन ठेवला. एडिटरने विचारलं, बदलू का. आकडा हो म्हणत होता, ग्रंथपाल हो म्हणत होते, पोटातही हो होतं. तिचं बोट बटणावर आलं आणि तिथेच राहिलं. आकडा तिने त्या चहाच्या सकाळीही मानला होता. “सर, एक फोन करू का?” ती म्हणाली. “कशाला त्यांच्या घरच्यांना उगाच,” ते म्हणाले. “एकच,” ती म्हणाली, आणि त्यांनाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, खाली पाडला, परत उचलला. “हॅलो, कोण?” बाईचा आवाज, थकलेला पण स्पष्ट, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवणारा. ती पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात तिचं लक्ष ग्रंथपालांकडे गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती आणि चेहरा फोनकडे वळवला होता, पूर्ण, एखाद्या दिव्याकडे वळवावा तसा. “ग्रंथालयातून बोलतेय,” ती कशीबशी म्हणाली. मग बाई म्हणाल्या, “ग्रंथालयातून? बोलक्या पुस्तकांच्या? अगंबाई. मला वाटलं, माझा आवाज आवडेनासा झाला तुम्हाला.”

“बाई, मी आहे,” ग्रंथपाल म्हणाले. “तुम्ही होय,” बाई म्हणाल्या, “कसे आहात?” ते म्हणाले, “मला कुणीतरी सांगितलं होतं, सहा वर्षांपूर्वी, की तुमच्या घरी…” आणि पुढचं त्यांना म्हणता येईना. बाईंनीच ते उचललं, शिलाई तुटली की दोरा ओवून पुढे घ्यावी तसं, सहज. “हां, ती माझी जाऊ. एक आडनाव, एक घर, दोघींना लोक बाईच म्हणायचे. गावाने तेव्हा निम्म्या ठिकाणी मलाच पोचवून टाकलं. म्हणजे तुम्हीही का?” “मीही,” ते म्हणाले. “आणि तुम्ही एकदाही फोन केला नाहीत, बाई.” “काय म्हणून करणार? माझा आवाज का नको, असं कुणी विचारतं का कुणाला? मी आपली वाट बघायची. पुस्तक आलं की जागा असावी म्हणून खोलीतला कोपरासुद्धा मोकळा ठेवलाय.”

ग्रंथपालांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. असं ती कुणाला करत नसे, धाकटीलाही नाही. धाकटीला संध्याकाळी फोन करायचा, रुमालाचं सांगायचं, हे तिचं तिथेच, त्या क्षणी ठरून गेलं. “बाई,” ते म्हणाले, “सहा वर्षं मी यादी ऐकताना तुमच्या नावापाशी थांबत होतो. दर वेळी. सत्तावीस पुस्तकं, सत्तावीस वेळा.”

बाई म्हणाल्या, “मग आता थांबू नका. पुस्तक पाठवा. आणि जरा जाड पाठवा.”